कुत्रा, धनी आणि कायदा

नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागले म्हणजे शहराच्या पश्चिम अंगास सातपूर लागते. एके काळी हे शेतीवाडीचे गाव होते. पुढे १९६२ च्या सुमारास तेथे औद्योगिक वसाहत उभी राहू लागली, गावास नगरपालिका मिळाली, आणि ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा नाशिक व नाशिकरोड-देवळाली ह्या नगरपालिकांबरोबर सातपूरची नगरपालिकाही तीत विलीन झाली. ह्या स्थित्यंतराचा इतिहास सांगताना कारखाने, रस्ते आणि लोकवस्ती ह्यांचा हिशेब मांडला जातो. एक लहानशी गोष्ट मात्र त्यातून निसटते. सातपुरातील एखाद्या जुन्या घराच्या ओट्यावर पिढ्यान्‌पिढ्या कुत्रा बसत आला असेल, तर ओटा जागचा न हलता त्या कुत्र्यावरचा कायदा मात्र दोनदा पालटला. आधी तो गावचा कुत्रा होता, मग नगरपालिकेचा झाला, आणि शेवटी महानगरपालिकेचा.

आजही ह्या परिसरात थोडे फिरले तरी हाच प्रकार दिसतो. सातपुरात महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा चालतो. त्र्यंबकच्या रस्त्याने पुढे गेले की महिरावणी, अंजनेरी ह्या गावांत ग्रामपंचायतींचा १९५८ चा कायदा लागू होतो. खुद्द त्र्यंबकेश्वरी नगरपरिषद असल्यामुळे तेथे १९६५ चा कायदा येतो. उलट दिशेस देवळालीच्या लष्करी छावणीत गेल्यास राज्याचा कायदा बाजूस राहून छावण्यांचा केंद्रीय कायदा पुढे येतो. धनी तोच, कुत्रा तोच, गळ्यातील पट्टाही तोच. पण त्या पट्ट्याला बिल्ला हवा की नको, तो कोणाकडून घ्यावयाचा, आणि तो नसल्यास काय व्हावयाचे, ह्याचे उत्तर दर वेशीगणिक निराळ्या पुस्तकात शोधावे लागते.

एका जिल्ह्यात ही स्थिती, तर राज्याराज्यांत किती अंतर असेल ह्याची कल्पना सहज करता येईल. हे अंतर केवळ अधिकाऱ्यांच्या लहरीतून पडलेले नाही. कायद्याने कुत्र्याकडे आजवर एका दृष्टीने पाहिलेलेच नाही. कधी तो धोक्याची वस्तू ठरला, कधी कराची बाब ठरला, कधी रोगाचे मूळ ठरला, आणि अगदी अलीकडे दुःख जाणणारा जीव ठरला. ह्या चार दृष्टी निरनिराळ्या काळी आल्या, निरनिराळ्या सत्तांनी आणल्या, आणि आधीची न पुसता नवी तिच्यावर लिहिली गेली. आजचा गुंता समजून घ्यावयाचा तर हे चारही थर एकेक करून पाहिले पाहिजेत.

पहिला थर धोक्याचा. आणि तो सर्वांत जुना. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दाढांच्या आणि शिंगांच्या जनावरांच्या धन्याविषयी एक मार्मिक नियम आहे. आपले जनावर दुसऱ्यास पीडा देत असता, त्यास आवरण्याचे सामर्थ्य असूनही जो धनी आवरीत नाही त्याला स्मृतिकार दंड सांगतात. आणि पीडिताने आक्रोश केल्यावरही धनी स्वस्थ राहिला तर तो दंड दुप्पट करतात. येथे शिक्षा जनावराला नाही, धन्याला आहे. आणि तीही जनावर पाळल्याबद्दल नसून आवरता येत असता न आवरल्याबद्दल आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानाचे २८९ वे कलम काढून पाहिले तर भाषा निराळी, पण न्याय बव्हंशी हाच दिसेल. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असता, ती टाळण्याइतकी काळजी जो जाणूनबुजून अगर हयगयीने घेत नाही, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी ती तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २९१ व्या कलमात हाच नियम कायम असून दंडाची मर्यादा पाच हजार रुपयांपर्यंत वाढली आहे.

हा थर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एक आहे. सातपूर गाव होते तेव्हा त्याच्या ओट्यावरील कुत्र्याला जो कायदा लागू होता तो मुख्यतः हाच. खेड्यात कुत्रा रखवालीचा, गोठ्याचा, शेताचा. त्याची मालकी सगळ्या आळीला ठाऊक असे. ती कागदावर उतरविण्याचे कारण पडत नसे. कागद लागतो तो शहराला, कारण शहरात शेजारी शेजाऱ्यास ओळखीत नाही.

शहरी राज्यकर्त्यांनी कुत्र्यांचा प्रश्न कागदावर सोडवू पाहिला तेव्हा काय घडले, ह्याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १८१३ च्या एका नियमान्वये मुंबईत वर्षातील ठराविक दिवसांत भटकी कुत्री मारण्याची मुभा पोलिसांस होती. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस मिळत असल्यामुळे कुत्री धरणाऱ्यांचा हात सैल सुटला. बेवारशी कुत्रे कोणते आणि पाळीव कोणते हे पाहण्यात त्यांचे हित नव्हते. घराच्या आवारातून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. पारशी समाजाच्या धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. वेंदिदादाच्या तेराव्या अध्यायात कुत्र्यास इजा करणाऱ्यास व त्यास वाईट अन्न घालणाऱ्यास शिक्षा सांगितल्या आहेत, आणि मृताच्या अंत्यविधीतही कुत्र्याच्या दृष्टीला महत्त्व आहे. ६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कुत्री धरणारे किल्ल्यात आले तेव्हा जमाव त्यांच्यावर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली; पारशांबरोबर हिंदू, जैन व इस्माइली व्यापारीही त्यात सामील झाले; कुलाब्याच्या फौजेची रसद अडविली गेली; शेवटी लष्कर बोलावून धरपकड करावी लागली.

ह्या दंग्याचा शेवट दंग्याइतकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे. जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने सरकारकडे अर्ज गेला, आणि कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर न्यावी असा मार्ग निघाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी आणि शेट मोतीचंद अमीचंद ह्यांनी मुंबईत पांजरपोळ स्थापन केले. शंभर-दीडशे वर्षांनी ज्या वादाने देशभरची न्यायालये भरून गेली त्या वादाच्या दोन्ही बाजू १८३२ च्या मुंबईत समोरासमोर उभ्या होत्या. रस्ता निर्भय असावा ही एक बाजू. आणि निर्भयतेच्या नावाखाली मुक्या जिवाचा सरसकट संहार होऊ नये ही दुसरी. त्यात आणखी एक धडा होता. कोणता कुत्रा धन्याचा आणि कोणता बेवारशी हे ओळखण्याची खूण नसेल तर कायदा राबविणारा हात कोणावरही पडू शकतो.

ती खूण पुरविण्याचे काम दुसऱ्या थराने केले. हा थर कराचा. तो इंग्लंडातून आला. तेथे १७९६ साली पिटच्या कारकीर्दीत कुत्र्यांवर प्रथम कर बसला. त्यासाठी कंबर कसणारे जॉन डेंट ह्या सभासदास लोकांनी त्या पायी थट्टेचे टोपणनावही दिले. १८६७ साली त्या कराच्या जागी पाच शिलिंगांचा परवाना आला, आणि पुढे तो साडेसात शिलिंगांवर गेला. प्रशियात १८१० साली कुत्रा हा चैनीचा विषय मानून त्यावर कर बसविण्यात आला होता. जर्मनीत तो आजही आहे आणि त्याचा दर प्रत्येक गाव आपापला ठरविते. कराची कल्पना अशी की, ज्याला कुत्रा पोसणे परवडते त्याने गावच्या तिजोरीत चार नाणी टाकावी, आणि त्याची पावती म्हणून कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला असावा. म्हणजे बिल्ला हा आधी कराचा पुरावा होता; मालकीचा पुरावा तो ओघाने झाला.

मुंबई इलाख्यात १९०१ च्या जिल्हा नगरपालिका-कायद्याने नगरपालिकांना जे कर बसविण्याची मोकळीक दिली त्यांत घरे, जमिनी, वाहने व जकात ह्यांच्या जोडीस, नगरपालिकेच्या हद्दीत ठेवलेल्या कुत्र्यांवरील कर स्पष्ट शब्दांत नमूद होता. १९४९ चा महानगरपालिकांचा कायदा आणि १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा ह्या दोहोंत तो शब्द जसाच्या तसा उतरला. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्यातही ह्या कराची कलमे मागाहून घालण्यात आली. मात्र ह्या कायद्यांतील एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. घरपट्टीसारखा हा कर सक्तीचा नाही. नगरपालिकेने मनात आणले तर बसवावा असा तो ऐच्छिक कर आहे. तेव्हा एकाच कायद्याखाली असलेल्या दोन गावांतही एका ठिकाणी कुत्र्याचा कर असेल आणि दुसऱ्या ठिकाणी नसेल. राज्याराज्यांतील अंतराचे बीज येथे, गावागावांतील अंतरातच, पडलेले आहे.

छावण्यांचा प्रकार निराळा. १९२४ च्या छावणी-कायद्याने छावणीच्या मंडळाला कुत्र्यांच्या नोंदणीसंबंधी उपविधी करण्याचा अधिकार दिला, आणि त्या उपविधींत काय काय असावे हेही सांगून टाकले. प्रत्येक कुत्र्याची नोंद व्हावी. नोंदलेल्या कुत्र्याच्या पट्ट्यास धातूचा बिल्ला असावा. बिल्ल्यावाचून सार्वजनिक जागी सापडलेला कुत्रा अडकवून ठेवावा. आणि आठवड्याच्या आत धनी येऊन फी भरून सोडवून न नेईल तर त्यास मारून टाकता यावे. लष्करी शिस्तीला शोभेल असा हा नियम. २००६ साली छावण्यांचा नवा कायदा झाला. छावणीच्या हद्दीत राहणारा नागरिक राज्याच्या नगरपालिका-कायद्याखाली येत नाही, हे तत्त्व त्यातही तसेच राहिले. नाशिक आणि देवळाली ह्यांच्यामधील अंतर मैलांत थोडे आहे. कायद्यात ते बरेच आहे.

तिसरा थर रोगाचा. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय जगाला फार पुरातन काळापासून आहे, पण त्याचा प्रतिकार करता येतो हे १८८५ साली लुई पाश्चरने दाखवून दिल्यावर राज्यकर्त्यांची दृष्टी पालटली. हिंदुस्थानात १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीस डेव्हिड सेंपल ह्यांनी मेंढीच्या मेंदूपासून जी लस तयार केली तिच्या सुया पोटात टोचून घ्याव्या लागत. ‘चौदा सुया’ हा शब्दप्रयोग घरोघर धाक घालण्यासाठी वापरला जाई तो तिच्यामुळे. २००४ च्या अखेरीस ही लस भारतातून हद्दपार झाली, आणि दंडावर टोचावयाच्या थोड्या सुयांची नवी लस सर्वत्र आली. परंतु एक गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे. जलसंत्रासाची लक्षणे एकदा दिसू लागली की मग रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. उपाय आहे तो लक्षणांच्या आधी. आणि त्याहून बरा उपाय म्हणजे कुत्र्यालाच लस टोचणे.

इंग्लंडने हा रोग लशीने नव्हे, तर कायद्याने घालविला. १८९७ पासून वॉल्टर लाँग ह्या मंत्र्याने रोग असलेल्या भागांत कुत्र्यांच्या तोंडास मुसके बांधण्याची सक्ती केली. परदेशांतून येणाऱ्या कुत्र्यांवरही कडक नियंत्रण घातले. कुत्राप्रेमी लोकांचा मोठा रोष त्यांनी सोसला, पण १९०२ पर्यंत देश रोगमुक्त झाला. मुसक्याचा हा नियम आपल्याकडच्या कायद्यांतही आला. १९५१ च्या मुंबई पोलीस-कायद्यात तापट कुत्रा मुसक्यावाचून मोकळा सोडणे हा गुन्हा ठरला, आणि जाहीर सूचना देऊन ठराविक मुदतीत रस्त्यांवरील भटकी कुत्री मारण्याचा अधिकारही पोलिसांस मिळाला. पण इंग्लंड हे बेट आहे आणि तेथे धन्यावाचून फिरणारी कुत्री थोडी होती. येथे तशी स्थिती कधीच नव्हती. ज्याला धनी नाही त्याला मुसके बांधणार कोण?

चौथा थर दयेचा. १९६० साली संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या अकराव्या कलमात कुत्र्याचा खास उल्लेख आहे. जो धनी आपल्या कुत्र्यास नेहमी साखळीने बांधून अगर कोंडून ठेवतो आणि त्यास फिरविण्याची व्यवस्था करीत नाही, तो क्रूरतेचा अपराधी होय. ज्या घरी कुत्रा केवळ दाराशी भुंकण्यासाठी अष्टौप्रहर आखूड साखळीत जखडलेला असतो त्या घराने हे कलम वाचण्यासारखे आहे. दुर्दैवाची गोष्ट ही की, पहिल्या अपराधास कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड हे १९६० चे प्रमाण त्या कायद्यात पुढे साठ वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. जुन्या दंडविधानातही दहा रुपये किमतीच्या प्राण्यास ठार मारणे वा लुळे करणे हा गुन्हा होता. पण रस्त्यावरील कुत्र्याची किंमत कोण ठरविणार, हा प्रश्न तेथे अडत असे. नव्या न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाने किमतीची ही अट काढून टाकून कोणत्याही प्राण्याच्या बाबतीत पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली.

ह्या १९६० च्या कायद्याखालीच २००१ साली कुत्र्यांच्या संतती-नियमनाचे नियम निघाले. भटकी कुत्री धरावी, त्यांची शस्त्रक्रिया करावी, त्यांना लस टोचावी, आणि जेथून आणली तेथे परत सोडावी, हे त्यांचे सार. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. त्यांत वस्तीतील कुत्र्यांना अन्न कोठे व कसे घालावे ह्याचाही विचार झाला. त्यामुळे राज्यांचे जुने पोलीस व नगरपालिका-कायदे मारण्याचा अधिकार देतात, आणि केंद्राचे नियम मारू नका म्हणतात, असा पेच उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे हा प्रश्न २००८ साली आला. उपद्रवी कुत्री मारण्यास वाव देणारा त्याचा बहुमताचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्थगित केला.

आता प्रश्न असा की, हे चारही थर सर्व देशाला सारखेच लागू असता राज्याराज्यांत एवढा फरक पडतो कोठे? त्याचे उत्तर संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आहे. कुत्र्याची मालकी असा विषय त्या अनुसूचीत कोठेच नाही. कुत्रा तीत तुकड्यातुकड्यांनी वाटला गेला आहे. स्थानिक स्वराज्य, पशुरोगांचे निवारण, आणि प्राण्यांवरील कर हे विषय राज्यांच्या सूचीत, प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध आणि फौजदारी कायदा हे समवर्ती सूचीत, छावण्या केंद्राकडे. म्हणजे कुत्र्याने चावा घेतला तर एक सत्ता, त्याचा कर थकला तर दुसरी, त्यास लस टोचली नाही तर तिसरी, आणि त्याला उपाशी बांधून ठेवला तर चौथी. प्रत्येक राज्याने आपल्या वाट्याचा तुकडा आपल्या परीने शिवला.

केरळाने तो ग्रामपंचायतीपर्यंत नेला. तेथे १९९८ साली डुकरे व कुत्री ह्यांच्या परवान्यांचे स्वतंत्र नियम पंचायत-कायद्याखाली झाले, म्हणजे खेड्यातील धन्यासही परवाना लागू लागला. २०२१ साली एका पाळीव कुत्र्याच्या निर्घृण हत्येनंतर तेथील उच्च न्यायालयाने पाळीव प्राण्यांची नोंदणी करवून घेण्याचा आदेश स्थानिक संस्थांस दिला. दिल्लीत १९५७ च्या महानगरपालिका-कायद्यातच नोंदणी, पट्टा आणि धातूचा बिल्ला ह्यांची तरतूद आहे. बंगळुरात २०१८ साली महापालिकेने एका सदनिकेत एकच कुत्रा आणि स्वतंत्र घरात तीन, अशी मर्यादा घालणारे उपविधी काढले, आणि लोकांचा विरोध पाहून ते मागे घेतले. उत्तर प्रदेशात गाझियाबादच्या महापालिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर व डोगो अर्जेंटिनो ह्या तीन जाती नव्याने पाळण्यास मनाई केली. मराठी माणसास शेजारच्या असलेल्या गोव्यात २०२५ साली विधानसभेने हिंस्र जातींच्या प्राण्यांची पैदास व पालन ह्यांवर निर्बंध घालणारे आणि इजा झालेल्यास भरपाई देवविणारे विधेयक संमत केले. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने कराच्या यादीत नुसता ‘कुत्रा’ हा शब्द घातला. जातगोताचा विचार त्यात नाही. तेव्हा सिंधुदुर्गातून गोव्यात कुत्रा नेणाऱ्या कुटुंबाने सीमा ओलांडण्यापूर्वी तेथील नियम विचारून घेणे शहाणपणाचे ठरेल.

जातीवर बंदी हा उपाय केंद्रानेही करून पाहिला. १२ मार्च २०२४ च्या परिपत्रकाने तेवीस जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नयेत असे राज्यांना कळविण्यात आले; पण ज्यांना त्याची झळ पोचणार त्यांचे म्हणणे न ऐकताच ते काढले गेले, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द ठरविले. इंग्लंडने १९९१ साली चार जातींवर बंदी घालणारा कायदा केला, आणि २०२३ च्या अखेरीस तीत आणखी एका जातीची भर घालावी लागली. अमेरिकेत डेन्व्हर शहराने १९८९ मध्ये पिटबुलवर घातलेली बंदी २०२० च्या मतदानाने उठविली. जात धरून कायदा करावा की धन्याचे वर्तन धरून, ह्यावर जगाचे एकमत नाही. त्याच अमेरिकेत कुत्र्याने पहिल्यांदा चावा घेतल्यास धनी जबाबदार की नाही, ह्याचे उत्तरही राज्यागणिक बदलते. काही राज्यांत कुत्र्याचा स्वभाव धन्यास आधी ठाऊक होता हे दाखवावे लागते. काहींत चावा झाला एवढेच पुरे होते. मजेची गोष्ट अशी की, ज्या इंग्लंडातून परवान्याची कल्पना आपल्याकडे आली तेथे तो १९८७ साली रद्द झाला. महाराष्ट्राच्या नगरांच्या कायद्यांत त्याचे भावंड अजून नांदते आहे.

ह्या विविधतेचा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व भोवतालच्या प्रदेशातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून शस्त्रक्रिया व लस झालेली कुत्री परत सोडावी, मात्र पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे ठरविले, आणि सर्व राज्यांना त्या खटल्यात सामील करून घेतले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके अशा जागांवरून भटकी कुत्री हलवून पुन्हा तेथे सोडू नयेत असा आदेश झाला. १८३२ साली मुंबईच्या किल्ल्यात पेटलेला वाद दोन शतकांच्या उंबरठ्यावर असा पुन्हा देशाच्या सर्वोच्च आसनापुढे उभा राहिला.

सातपूरसारख्या ठिकाणी ह्या सर्वांचा अर्थ काय, हे शेवटी पाहावयाचे. तेथे आज कारखान्यांच्या पाळ्या संपवून रात्री घरी जाणारा कामगार आहे, पहाटे शिकवणीस निघालेली मुले आहेत, चाळींच्या जागी उठलेल्या सदनिका आहेत, आणि त्यांत हौसेने कुत्रा पाळणारी कुटुंबेही आहेत. सदनिकांच्या संस्था कित्येकदा कुत्रे पाळण्यासच मनाई करू पाहतात. परंतु सभासदास सरसकट अशी मनाई करता येत नाही, असे पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. हक्क असा पक्का झाला की कर्तव्यही तितकेच पक्के होते. महापालिकेकडे नोंद करणे, वर्षाच्या वर्षाला लस टोचून तिचा दाखला जपणे, रस्त्यात कुत्रा दोरीवाचून न सोडणे, त्यास रोज फिरविणे, आणि पिल्ले नको झाली म्हणून ती रात्रीच्या वेळी दुसऱ्या वस्तीत नेऊन न टाकणे, एवढे तरी प्रत्येक धन्याने केले पाहिजे. भटक्या कुत्र्यांच्या फौजेत अशी टाकून दिलेली पिल्ले किती असतात ह्याचा विचार फार थोडे लोक करतात.

राज्याराज्यांचे कायदे एकमेकांशी जुळोत वा न जुळोत, पिसाळलेल्या कुत्र्याला महापालिकेची हद्द कळत नाही आणि छावणीचा नाकाही अडवीत नाही. कर किती, बिल्ला कोणत्या धातूचा, कोणती जात चालेल, हे प्रत्येक ठिकाणी निराळे असू शकते, आणि स्थानिक परिस्थिती पाहता काही अंशी ते निराळे असावेही. पण कोठलाही कायदा उघडून पाहिला तरी, त्याचा रोख कुत्र्याकडे दिसला तरी, बोलणे धन्याशीच चाललेले असते. आवरता येत असता न आवरणारास स्मृतिकारांनी दंड सांगितला, त्यात हेच तत्त्व होते. कुत्रा आपल्या दारात बांधला त्या दिवशी त्याच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी घरातील माणसांनी स्वीकारलेली असते, आणि गळपट्ट्यावरील बिल्ला ही त्या स्वीकाराची सही आहे.